न आलेल्यांची नोंद

परवा माझ्या भावाची नात पुण्याहून फोनवर बोलत होती. ती डॉक्टरकीचं शिकते आहे. बोलता बोलता म्हणाली, "आत्याआजी, तुझ्या उस्मानाबादचं नाव आमच्या अभ्यासात आहे!"

मी म्हटलं, "कशासाठी? भूकंपासाठी का?"

"नाही गं, कॅन्सरसाठी. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा जगातला एक मोठा अभ्यास तुमच्या जिल्ह्यात झालाय. तुला माहीत नाही?"

आता तिला काय सांगू… माहीत होतं. त्या अभ्यासात मीही आहे. नावानं नाही, आकड्यानं. १,३१,७४६ बायकांमधली एक. आणि आमच्या गावातली आणखी एक बाई त्यात आहे, जिच्याविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आले. फोन ठेवल्यावर वाटलं, आता लिहून टाकावं. विषय आकड्यांचा आहे, पण घाबरू नका. मी काही गणिताची नाही. मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. मला समजलं ते तुम्हालाही समजेल.

हजेरीपट आणि पटनोंदणी

जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यांनी नोकरी केली त्यांना दोन कागद पाठ असतात. एक हजेरीपट. रोज सकाळी नावं पुकारायची, हजर-गैरहजर मांडायचं. दुसरी पटनोंदणी. त्यासाठी शाळा सोडून गावात फिरावं लागतं. घरोघरी जायचं, सहा ते चौदा वयाची मुलं किती, शाळेत जाणारी किती, न जाणारी किती, हे लिहायचं. वस्तीवर जायचं, पालावर जायचं, वीटभट्टीवर जायचं. उन्हातान्हात फिरताना कुत्री मागं लागायची आणि आम्ही सरकारला शिव्या घालायचो.

पण दोन्ही कागद शेजारी ठेवले की गंमत कळायची. हजेरीपट म्हणायचा, शाळेत ९५ टक्के हजेरी! पटनोंदणी म्हणायची, अहो, ऊसतोडीला गेलेल्यांची बारा पोरं तुमच्या पटावरच नाहीत, ती गैरहजर तरी कशी दिसणार? ज्याचं नावच नाही त्याची गैरहजेरीही लागत नाही.

हे एवढं पाल्हाळ अशासाठी की, आजाऱ्यांच्या नोंदीचंही अगदी असंच आहे. दवाखान्यातली वही म्हणजे हजेरीपट. जो आला त्याचीच नोंद. जो पैशाअभावी, भीतीनं, लाजेनं किंवा एस.टी. चुकली म्हणून आला नाही, तो त्या वहीत नाही. मग एखादा डॉक्टर आपल्याकडच्या केसपेपरांवरून म्हणाला की "माझे इतके रुग्ण बरे होतात", तर ते खोटं नसतं, पण पुरतंही खरं नसतं. आपल्या दारात पोचलेल्यांचाच तो हिशेब असतो. खेड्यातल्या माणसांचं काय होतं हे कळायला पटनोंदणीच करावी लागते.

मुंबई ते बार्शी

आपल्या देशात कॅन्सरची पटनोंदणी पहिल्यांदा मुंबईत सुरू झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीचे डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानं १९६३ साली मुंबईची नोंदणी सुरू झाली. कॅन्सर सरकारला कळवलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती, त्यामुळे नोंदणीची माणसंच इस्पितळांत, प्रयोगशाळांत जाऊन कागद उतरवून घ्यायची आणि महापालिकेच्या मृत्यूनोंदींशी ताडून बघायची. एकच माणूस तीन दवाखान्यांत गेला असेल तर तो तीनदा मोजला जाऊ नये, हेही बघायचं. पुढं १९८१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि १९८२ पासून मुंबई, बंगळूर आणि मद्रास अशा तीन ठिकाणची मोजणी नीट सुरू झाली.

तिन्ही मोठी शहरं. म्हणजे पुन्हा शाळेच्या आसपासच्याच घरांची पटनोंदणी! खेड्यांतला देश या वहीत नव्हताच.

तो पहिल्यांदा आला १९८७ साली, आणि आला आमच्या उंबऱ्याशी. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि आमच्या जिल्ह्यातले परंडा व भूम, अशा तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांची कॅन्सर नोंदणी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयात सुरू झाली. पाठीशी मुंबईचं टाटा मेमोरियल होतं. तिथल्या डॉ. नेने यांचं नाव आमच्या भागात सर्वांना ठाऊक. संशोधनाची बाजू सांभाळणाऱ्या डॉ. कस्तुरी जयंत यांचं नाव मात्र मी फार उशिरा ऐकलं. निव्वळ ग्रामीण भागाची ही देशातली पहिली नोंदणी.

माझं माहेर परंडा तालुक्यातलं, म्हणून या तीन तालुक्यांच्या जोडणीचं मला फार अप्रूप वाटतं. १९४७ पर्यंत बार्शी इंग्रजांच्या राज्यात आणि १९४८ पर्यंत परंडा-भूम निजामाच्या. आमची आजी शेवटपर्यंत स्वतःच्या गावाला 'मोगलाई' म्हणायची. पण राज्य कुणाचंही असो, बाजार बार्शीचा, बार्शी लाईट गाडी बार्शीची, अन् दुखलं-खुपलं की वैद्य-डॉक्टरही बार्शीचाच. सरहद्द कागदावर होती, माणसं कधीच ओलांडून बसली होती. नोंदणी करणाऱ्यांनी दोन जिल्ह्यांचे तालुके एका वहीत घेतले तेव्हा त्यांनी नकाशापेक्षा माणसांच्या पायवाटा बघितल्या असं मला वाटतं.

पण खेड्यात मोजणी करायची कशी? मुंबईत इस्पितळं फिरली की बरेचसे रुग्ण सापडतात. इथं रुग्ण इस्पितळात जातच नव्हता. म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरू लागली. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, दाई यांना भेटायचं. लोकांना जमवून सांगायचं की, न भरणारी जखम, तोंडातला चट्टा, छातीतली गाठ, पाळी गेल्यावर अंगावरून लाल जाणं, हे अंगावर काढू नका. ज्याच्यात काही संशय वाटेल त्याला बार्शीला यायला लावायचं. ग्रामपंचायतीची मृत्यूची वही बघायची. म्हणजे मोजायला गेलेली माणसं शिकवूही लागली. अन् त्यातून एक चांगली गोष्ट घडली. काही वर्षांनी या गावांतल्या बायका गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या, असं जयंतबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलं. नुसत्या बोलण्यानं! कुठलंही नवं यंत्र न आणता.

या नोंदणीतून कळलेली मोठी गोष्ट म्हणजे, आमच्याकडे एकूण कॅन्सर मुंबईपेक्षा कमी, पण बायकांमध्ये पहिला नंबर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा. खेड्यात त्याला 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतात. आणि त्यातल्या बहुतेकजणी यायच्या त्या फार उशिरा.

किती जगले हे कसं कळतं?

कॅन्सर झाल्यावर शंभरातली किती माणसं पाच वर्षांनी हयात असतात, याला जगण्याचं प्रमाण म्हणू. ऐकायला सोपं. पण पाच वर्षांनी माणूस सापडायला तर हवा! दवाखान्यात परत आला नाही म्हणजे बरा झाला, की वारला, की पुण्याला लेकाकडं गेला? हे न शोधता त्याला हिशेबातून वगळलं, तर प्रमाण फुगतं, कारण न येणाऱ्यांमध्ये वारलेलेच जास्त असतात. नापासांची नावं गाळून शंभर टक्के निकाल लावणारी शाळा आणि हे प्रमाण, दोन्ही सारखीच.

बार्शीच्या माणसांनी घरी जाऊन विचारलं. खेड्याचा एक फायदा असतो… चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची तिथी शेजारणीलाही आठवते. फ्रान्समधल्या लिऑन शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. तिनं विकसनशील देशांतल्या कॅन्सर रुग्णांच्या जगण्यावर १९९८ आणि २०११ साली दोन मोठी पुस्तकं काढली. त्यात मुंबई, मद्राससारख्या शहरांच्या पंगतीला आमची बार्शी आहे. या पुस्तकांचं एकूण सांगणं असं की, कॅन्सर तोच, पेशी त्याच, पण माणूस कोणत्या देशात आणि कोणत्या भागात राहतो यावर तो किती जगेल हे ठरतं. लवकर निदान आणि पुरे उपचार जिथं मिळतात तिथं माणसं वाचतात. हे आपल्याला अनुभवानं माहीतच होतं म्हणा. पण अनुभव सांगितला की लोक हळहळतात, आकडा सांगितला की सरकारला उत्तर द्यावं लागतं.

उस्मानाबादचा अभ्यास

या मोजणीच्या पायावर पुढचं मोठं काम उभं राहिलं. ते आमच्या अख्ख्या जिल्ह्यात झालं. ऑक्टोबर १९९९ ते नोव्हेंबर २००३ या काळात बायकांच्या तपासण्या झाल्या. बार्शीचं रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि लिऑनची संस्था (तिथले डॉ. शंकरनारायणन हे प्रमुख) यांचं हे काम. पैसा गेट्स फाउंडेशनचा.

प्रश्न साधा होता. ३० ते ५९ वयाच्या, कोणतीही तक्रार नसलेल्या बाईची आयुष्यात एकदाच तपासणी केली, तर या कॅन्सरनं होणारे मृत्यू कमी होतात का? आणि कोणत्या तपासणीनं होतात?

तपासण्या तीन. पहिली, व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी बघायचं. स्वस्त, आणि उत्तर तिथल्या तिथं. दुसरी, पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. तिला पॅप तपासणी म्हणतात. तिसरी, ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्या एचपीव्हीची तपासणी. हा विषाणूच कॅन्सरचं मूळ आहे हे दाखवणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं.

जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची चार भागांत वाटणी केली. १३ गटांना एक तपासणी, १३ ना दुसरी, १३ ना तिसरी. उरलेल्या १३ गटांना माहिती सांगितली, तपासणी कुठं होते हे सांगितलं, पण शिबिर घेतलं नाही. तुलनेसाठी. या चौथ्या भागाविषयी मला पुढं बोलायचं आहे.

मावशी

तेव्हा मी कळंब तालुक्यातल्या एका गावात होते. वय पन्नाशीच्या आतबाहेर. दोन मुली घरी आल्या, त्यांनी नाव, वय, शिक्षण, मुलं किती, ऑपरेशन झालंय का, सगळं विचारलं आणि चिठ्ठी दिली. अमुक दिवशी तपासणीला या. मी गेले. खरं सांगते, धीटपणानं नाही गेले. बाईच आली नाही तर बाकीच्या कशा येतील, असं त्या मुली म्हणाल्या म्हणून गेले. पाच मिनिटांचं काम. माझं सगळं ठीक निघालं.

आमच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी होती. तिथली मदतनीस, मुलं तिला मावशी म्हणायची म्हणून आम्हीही मावशी म्हणायचो. चाळिशीतली, विधवा. सकाळी अंगणवाडी, दुपारी खुरपणी. तिलाही चिठ्ठी आली होती. मी विचारलं, "मावशी, येताय ना?"

म्हणाली, "बाई, मला काय झालंय? मालक जाऊन धा वर्सं झाली. आता तिथं कशाला दावायचं?"

मी हसले. "बरं, बघा," म्हटलं आणि पुढं गेले. एवढंच. पोर शाळेत आलं नाही तर त्याच्या घरी दोनदा-तीनदा चकरा मारणारी मी, मावशीसाठी दुसऱ्यांदा थांबले नाही. तिला समजावलं असतं तर ती आली असती का, हे आता कोण सांगणार…

तीन-चार वर्षांनी तिच्या अंगावरून जाऊ लागलं. तिनं ते वर्षभर कुणाला सांगितलं नाही. कळलं तेव्हा तिसरी अवस्था. शेक घ्यायला (किरणोपचाराला आमच्याकडे शेकच म्हणतात) पाच-सहा आठवडे बाहेरगावी राहावं लागणार होतं. राहायचं कुठं, खायचं काय, आणि लेकीचं बाळंतपण तोंडावर. दोन आठवडे जाऊन ती परत आली. पुन्हा गेली नाही. २००६ च्या पावसाळ्यात गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी एक मुलगा फाईल घेऊन आला. मावशीच्या घराला कुलूप, म्हणून शाळेत विचारायला आला. कधी वारल्या, कशानं वारल्या, उपचार कुठं घेतले. मी सांगितलं, त्यानं लिहून घेतलं. मला तेव्हा रागच आला होता. माणूस होता तेव्हा कुणी नव्हतं, आता मेल्यावर कसली चौकशी!

आकडे काय म्हणाले

एप्रिल २००९ मध्ये या अभ्यासाचा निष्कर्ष अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित नियतकालिकात आला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर असं दिसलं:

एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४,१२६ बायका होत्या. त्यांतल्या १२७ जणींना हा कॅन्सर निघाला, पण पुढच्या, म्हणजे दुसऱ्या किंवा त्यावरच्या अवस्थेतला फक्त ३९ जणींना. मृत्यू ३४.

शिबिर न झालेल्या भागात ३१,४८८ बायका. कॅन्सर ११८ जणींना, पण पुढच्या अवस्थेतला ८२ जणींना. मृत्यू ६४.

हजारी एक आणि हजारी दोन. साधारण निम्मे मृत्यू टळले! एकदा केलेल्या एका तपासणीनं. पॅप आणि व्हिनेगरच्या भागांत मृत्यू थोडे कमी होते, पण तो फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकेल इतपतच होता. शिवाय एचपीव्ही तपासणीत ज्यांच्यात विषाणू सापडला नाही, त्यांच्यातली एकही बाई त्या आठ वर्षांत या कॅन्सरनं दगावली नाही.

आता यातली एक गोष्ट मला भाचेसुनेनं समजावून सांगितली तेव्हा मी गप्पच झाले. ती संख्याशास्त्र शिकवते. मी विचारलं, "या बायका म्हणजे तपासणीला आलेल्या ना?" ती म्हणाली, "नाही मामी. त्या गावांतल्या, यादीतल्या सगळ्या. आलेल्या आणि न आलेल्या. चिठ्ठी मिळूनही जी आली नाही तिचा मृत्यूही तपासणीच्याच खात्यात धरतात. नाहीतर हिशेब खोटा होतो."

म्हणजे मावशी त्या हिशेबात होती. आमच्या गावाच्या वाट्याला कोणती तपासणी आली होती हे मला आजही ठाऊक नाही, पण ती ज्या कुठल्या रकान्यात असेल तिथं तिचा मृत्यू एक म्हणून धरला गेला. तो फाईलवाला मुलगा त्यासाठी आला होता. ती आली नाही म्हणून तिला कुणी वगळलं नाही.

याच अभ्यासातल्या मंडळींनी २००७ मध्ये आणखी एक लेख लिहिला होता, कोण आलं आणि कोण आलं नाही यावर. शंभरातल्या सुमारे ७९ जणी आल्या. आलेल्या तुलनेनं तरुण, जास्त शिकलेल्या, आणि त्यांच्यात नवरा हयात असलेल्यांचं प्रमाण जास्त. न आलेल्या थोड्या वयस्क, कमी शिकलेल्या आणि एकट्या. तो लेख लिहिणाऱ्यांना आमची मावशी माहीत नव्हती. पण वर्णन तिचंच. वाचताना मला वाटलं, आपल्या शाळेच्या आवारात जे घडलं ते जिल्हाभर घडत होतं, आणि ते कुणीतरी ओळखलं होतं. पुढच्या वेळी कुणाच्या दारात दुसऱ्यांदा थांबायचं, हे त्यात लिहिलं आहे.

चौथ्या भागाचं काय?

आता कडू गोष्ट. ज्या भागात शिबिर झालं नाही तिथल्या त्या ६४ जणी. त्यांच्यातल्या काही तपासणी झाली असती तर वाचल्या असत्या, हे त्याच आकड्यांवरून दिसतं. यावर पुढं मोठा वाद झाला. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतलं दिंडिगल अशा तिन्ही ठिकाणच्या अभ्यासांत बायकांचा एक भाग तपासणीविना ठेवला होता. जे तंत्र उपयोगी आहे हे पाश्चात्त्य देशांत दशकानुदशकं माहीत होतं, ते गरीब बायकांना न देता त्यांचे मृत्यू मोजत बसणं बरोबर आहे का, असा सवाल अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं केला, आणि आपल्याकडच्या वैद्यकीय नीतिमत्तेच्या नियतकालिकातही २०१४ मध्ये त्यावर लिहून आलं. अभ्यास करणाऱ्यांचं उत्तर असं की, त्या काळी भारतातल्या खेड्यात कुणालाच तपासणी मिळत नव्हती. त्यांच्याकडून काही काढून घेतलेलं नाही. आणि पॅप तपासणी इथं चालते की नाही हेच तर बघायचं होतं. ती फारशी चाललीही नाही.

मी दोन्ही बाजू अनेकदा वाचल्या. दोघांचंही बोलणं मला पटतं आणि दोघांच्याही बोलण्यानं समाधान होत नाही. तपासणी आमच्या बायकांना कोण देणार होतं, या प्रश्नाला टीकाकारांकडे उत्तर नाही. आणि 'तसंही मिळत नव्हतंच' हे वाक्य ज्या बाईच्या घरात मृत्यू झाला तिथं जाऊन बोलायचा धीर मला होणार नाही. एवढं मात्र वाटतं की त्या ६४ जणींमुळे जगाला जे कळलं, त्याचं देणं लागतं. ते फिटलं का, हे बघायला हवं.

देणं फिटलं का?

जगात फिटतं आहे. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हा कॅन्सर हद्दपार करायची मोहीम जाहीर केली आणि २०२१ च्या मार्गदर्शनात पहिली तपासणी म्हणून एचपीव्हीचीच शिफारस केली. त्या शिफारशीमागच्या पुराव्यांत आमच्या जिल्ह्याचा अभ्यास मानाचा.

आणि आपल्याकडे? केंद्र सरकारनं २०१६ मध्ये जी पद्धत ठरवली ती व्हिनेगरची. ती टाकाऊ मुळीच नाही. मुंबईच्या वस्त्यांतल्या अभ्यासात तिनं मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१४ मध्ये दिसलं. स्वस्त आहे, यंत्र लागत नाही. पण तीसुद्धा पोचली किती? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या अवघ्या १.९ टक्के होत्या. शंभरात दोनही नाहीत! आमच्या जिल्ह्यात वीस वर्षांपूर्वी शंभरातल्या ७९ जणी आल्या होत्या. म्हणजे बायका येत नाहीत हे काही खरं नाही. कुणी दारात जाऊन बोलावलं तर येतात.

तपासणी पोचली नाही, पण भीती मात्र पोचली. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात म्हणून २०१९ मध्ये सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. 'काढली नाही तर कॅन्सर होईल' असं सांगितल्याचं त्यांतल्या कितीतरी बायका बोलल्या. एका साध्या तपासणीनं ज्या बाईला 'तुला काही नाही, जा' म्हणता आलं असतं, ती कर्ज काढून पिशवी काढून आली. पटनोंदणी नसली की असं होतं. खरोखर धोक्यात असलेली मावशी कुणाला दिसत नाही, आणि धोक्यात नसलेल्या हजारोंना घाबरवता येतं.

अजून एक आकडा सांगते आणि थांबते. २०१२ ते २०१६ या वर्षांच्या राष्ट्रीय नोंदणीत पुरुषांमध्ये कॅन्सरचं प्रमाण सर्वात जास्त मिझोराममधल्या ऐझॉलला, लाखात २६९.४. आणि सर्वात कमी कुठं? उस्मानाबाद आणि बीडमध्ये, लाखात ३९.५. वाचून पहिल्यांदा बरं वाटलं. ज्वारीची भाकरी आणि मोकळी हवा! मग मास्तरणीचा जुना संशय जागा झाला. हे खरंच कमी आहे, की पटावर नाव नसलेल्यांची गैरहजेरी आहे? बार्शीचा इतिहास सांगतो की आमच्याकडे कॅन्सर शहरांपेक्षा खरोखर कमीच आहे. पण किती कमी, हे घरोघरी जाणाऱ्या माणसावर अवलंबून असतं. ज्या दिवशी तो जायचं थांबेल त्या दिवशी आकडा आणखी छान दिसेल.

२०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. जगातल्या डॉक्टरांच्या पुस्तकांत मात्र तो उस्मानाबादच राहील, कारण छापलेलं बदलत नाही. असो. नाव कोणतंही असू दे.

नातीला मी नंतर पुन्हा फोन केला. म्हटलं, "बाळा, तुझ्या अभ्यासात ते जे मृत्यूंचे आकडे आहेत ना, त्यातला एक मी सांगितलेला आहे." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कोण होत्या गं त्या?"

मी तिला मावशीचं नाव सांगितलं. कितीतरी वर्षांनी ते तोंडातून आलं. इथं लिहीत नाही, तिच्या लेकीला आवडणार नाही. पण पुढं डॉक्टर होणाऱ्या एका मुलीला ते आता माहीत आहे.

आणि तुमच्या घरात, शेजारात तीस ते पासष्ट वयाची कुणी बाई असेल, जी म्हणते "मला काय झालंय?", तर एकदा विचारून पुढं जाऊ नका. दुसऱ्यांदा थांबा.